टापांखालचं गवत

न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरच्या मराठी जेवणांत नव्या माणसाला पहिला प्रश्न कंपनीचा असतो. मी "रेसकोर्सवर असतो" म्हटलं की विचारणाऱ्याचा पुरीकडे निघालेला हात थांबायचा. मग थोडं सावरून, "म्हणजे त्यांचं आयटी बघता?"

"नाही. त्यांचं गवत बघतो."

यावर काकूमंडळी माझ्या बायकोकडे, नीलिमाकडे, मायेनं पाहायच्या आणि तिच्या ताटात श्रीखंड जरा जास्त पडायचं. पुरुषमंडळी मला निघताना चपला घालत असताना गाठायची. "केळकर, यार, शनिवारी कुठला घोडा येणार ते सांगा ना. आतली खबर असेलच तुमच्याकडे." आतली खबर माझ्याकडे खरंच असायची. लांबच्या वळणावर बुरशी दिसतेय, कठड्यालगत मुळं तुटलीयत, स्टँडसमोरच्या पट्ट्यात पाणी मुरत नाही. पण तिच्यावर कुणी पैसे लावत नाही. "मला घोड्याचं काही कळत नाही," मी सांगायचो, "घोड्याच्या खालचं कळतं." लोक हसायचे. तो विनोद नव्हता, माझा हुद्दा होता.

पुण्यात शेतकी शिकलेला माणूस न्यू जर्सीत घोड्यांसाठी गवत कसं वाढवायला लागला, ही गोष्ट लांबलचक आहे. तिच्यात नीलिमाची नोकरी आहे, माझा डिपेंडंट व्हिसा आहे, आणि घरी बसून मी आमच्या अपार्टमेंटच्या लॉनबद्दल मॅनेजरकडे केलेल्या तक्रारी आहेत. त्या इतक्या झाल्या की शेवटी त्या माणसानं वैतागून आपल्या मेव्हण्याचं नाव सुचवलं. मेव्हणा म्हणजे फ्रँक, जवळच्या एका रेसकोर्सवर सगळ्या ट्रॅकचा प्रमुख. माझी कागदपत्रं मार्गी लागली तेव्हा, दोन हजार एकमध्ये, त्यानं मला घेतलं. मुलाखतीत एकच प्रश्न होता.

"घोड्यांची भीती वाटते?"

"हो."

"उत्तम. ज्यांना वाटत नाही ते फार टिकत नाहीत."

ज्यांनी अमेरिकन रेसकोर्स पाहिलं नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. एका ताटात दुसरं ताट ठेवलंय अशी कल्पना करा. बाहेरच्या ताटाची कड म्हणजे मातीचा ट्रॅक. आतल्या ताटाची कड म्हणजे गवताचा. अमेरिकेची मोठी नावं, मोठी बक्षिसं, सगळं मातीवर. गवतावरच्या शर्यती दिवसाला दोन-तीन, आणि त्याही पावसाच्या मर्जीवर. पाऊस जास्त झाला की गवतावरची शर्यत उचलून मातीवर नेतात. मग गवतावर पळणारे निम्मे घोडे नाव काढून घेतात आणि प्रेक्षक ज्याच्या नावानं बोटं मोडतात तो माणूस मी. एक गृहस्थ तर मी घरी असलो तरी ऑफिसला फोन करून, "गवतवाला आहे का? ओलं आहे का कोरडं?" असं विचारायचे. नाव कधी सांगितलं नाही. उत्तर मिळालं की आभार न मानता फोन ठेवायचे. पुढे फोन बंद झाले तेव्हा मला चुकल्यासारखं झालं.

गवताच्या माणसाचं काम असं, की ते चांगलं झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही. घोडा पाचशे किलोचा, वेग मोटारीचा, आणि सगळा भार क्षणभर एका खुरावर. खालची जमीन दगडासारखी असेल तर हाड जातं, लोण्यासारखी असेल तर स्नायू जातो. या दोन्हींच्या मधे जमीन ठेवायची, तीही मे ते नोव्हेंबर आणि न्यू जर्सीच्या हवेत. जमलं तर बातमी घोड्याची, जॉकीची, मालकाच्या टायची. नाही जमलं तर गवताची.

आता इंग्लंडबद्दल. मी इंग्लंडला कधी गेलेलो नाही, पण तिथल्या रेसिंगवर माझं प्रेम कॉलेजपासूनचं. पुण्याच्या रेसकोर्सचा हंगाम पावसाळ्यात असतो. आम्ही दोघे-तिघे मित्र पाहायला जायचो. ते घोडे बघायचे, मी जमीन. लायब्ररीत विलायती वर्तमानपत्रं शिळी होऊन यायची. त्यांत रेसच्या निकालावर जमिनीची अवस्था छापलेली असायची: कडक, चांगली, चांगली पण काही ठिकाणी मऊ, मऊ, जड. हवामानापेक्षा जास्त बारकाईनं. जे लोक गवताच्या ओलाव्यावर इतकी चर्चा करतात ते वाईट असूच शकत नाहीत, असं माझं त्या वयातलं मत होतं. पुढे इतिहास वाचल्यावर ते बदलावं लागलं, पण गवतापुरतं कायम राहिलं.

कारण खरं सांगायचं तर अमेरिकन रेसकोर्स कंपास घेऊन काढलेलं असतं आणि इंग्लिश रेसकोर्स जमिनीनं परवानगी दिली तसं झालेलं असतं. तिथे चढ आहेत, उतार आहेत, काही ठिकाणी घोडे उजवीकडून फिरतात, काही ठिकाणी डावीकडून, एखाद्या ठिकाणी सरळ मैलभर पळतात आणि थांबतात. घोड्याला दर वेळी नवा प्रश्न. आमच्याकडे सगळीकडे एकच प्रश्न, तोही पुन्हा पुन्हा.

आमच्या रेसकोर्सवर टीव्ही लावलेला एक हॉल होता, जिथे बाहेरगावच्या शर्यती दाखवायचे. वेळेच्या फरकामुळे तिथे सकाळी इंग्लंडची दुपार चालू असायची. कामावर येताना मी थर्मासमधला चहा घेऊन तिथे बसायचो. त्या वर्षांत जे दिसायचं त्यानं मन खट्टू व्हायचं. हिवाळ्यात कृत्रिम ट्रॅक, रात्रीचे दिवे, रोज कुठे ना कुठे शर्यत, जेमतेम घोडे आणि रिकामी स्टँड्स. आणि उन्हाळ्यात एखाद्या बड्या दिवशी कॅमेरा घोड्यांपेक्षा टोप्यांवर जास्त. फळांची परडी डोक्यावर घेतलेली बाई दिसली की शेवटची दोनशे यार्डं हुकलीच म्हणून समजा. राजघराण्याची बग्गी आली की सगळे टोप्या काढतात, आणि ज्यांच्यामुळे हे सगळं चाललंय ते मागे तबेल्यात गवत चघळत असतात.

ही माझी मतं मी फ्रँकला ऐकवायचो. तो म्हणायचा, "केल, तू कधी न पाहिलेल्या देशाबद्दल इतका दुःखी का होतोस?" मी थर्मासचं झाकण लावून गवताकडे निघायचो.

मग दोन हजार सहाच्या सुमारास इंग्लंड स्वतःच आमच्याकडे आलं.

आमचा मार्केटिंगचा माणूस ब्रायन. चांगला, उत्साही, झोप कमी. लोक रेसकोर्सवर येईनासे झाले होते, तेव्हा त्यानं सप्टेंबरातल्या एका शनिवारी 'इंग्लिश डे' काढला. काकडीची सँडविचेस, लाल डबल डेकर बस, उत्तम टोपीला बक्षीस, केसाळ टोपी घातलेला पहारेकरी, आणि कळस म्हणजे चार घोडागाड्यांची मिरवणूक, अगदी राजघराण्याची असते तशी, स्टँडसमोरून. पहिल्या बग्गीत बसायला त्यानं एक नट भाड्यानं घेतला होता, लॉर्ड म्हणून. त्याच दिवशी गवतावर दीड मैलाची एक शर्यत, इंग्लंडहून येणाऱ्या घोड्यांना खास आमंत्रण. आमंत्रणं पुष्कळ गेली. आली एक घोडी.

घोडीचं नाव पोस्टमिस्ट्रेस. तिच्याबरोबर आल्या तिच्या ट्रेनर मिसेस हॉल्डन. यॉर्कशरच्या, सत्तरी ओलांडलेल्या, मेणकापडाचा कोट, कानापर्यंत ओढलेली लोकरी टोपी आणि हातात काठी. काठी चालण्यासाठी नव्हती. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "इथलं गवत कोण बघतं?" ब्रायननं आधी जेवणाचा हॉल दाखवू म्हटलं. त्या म्हणाल्या, "मी जेवले आहे."

अशा रीतीनं आमची ओळख ट्रॅकवरच झाली. त्या काठी खुपसायच्या, थांबायच्या, बाहेर काढून टोक बघायच्या, पुढे जायच्या. मी माझं यंत्र घेऊन मागे. यंत्र म्हणजे एक सळई, तिच्यावर ठरावीक उंचीवरून वजन सोडायचं आणि ती किती आत गेली ते बघायचं. त्यांनी त्याच्याकडे दयेनं पाहिलं.

"काय म्हणतंय तुमचं मशीन?"

"चांगली, थोडी मऊ."

"माझी काठीही तेच म्हणते. पण तिला बॅटरी लागत नाही."

"यालाही नाही लागत."

"मग ठीक आहे." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही कुठले?"

मी पुणे सांगितलं, पावसातल्या शर्यतींबद्दल सांगितलं. पाऊस पडून गेल्यावर जमीन ना चिखल ना कोरडी, मूठ वळली तर गोळा होतो आणि टिचकी मारली तर फुटतो, त्या अवस्थेला आमच्याकडे वाफसा म्हणतात, असंही सांगितलं. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला, दोन्ही वेळा वाईट. "आम्हाला याच्यासाठी चार शब्द लागतात आणि तरी भांडणं होतात," त्या म्हणाल्या.

मी भीत भीत माझी इंग्लिश रेसिंगवरची मतं मांडली. न पाहिलेल्या सासरची तारीफ करावी तशी तारीफ करत गेलो. त्यांनी ऐकून घेतलं.

"मिस्टर केळकर, तुम्ही बोलताय ते रेसिंग छापील कागदावरचं आहे. आमच्याकडे आता लोक घोडे बघायला येत नाहीत, घोडे लोकांना बघायला येतात. आठवड्याचे सातही दिवस शर्यती. निम्म्या त्या प्लॅस्टिकमिश्रित वाळूवर. आणि आता म्हणे कॉम्प्युटरवर बसून घोडा हरण्यावरही पैसे लावता येतात. माझ्या पुतण्यानं मला समजावून सांगितलं. मी त्याला जेवायला वाढलं नाही."

"पण गवत तरी आहे. चढउतार आहेत."

"ते आहेत," त्या म्हणाल्या. "तेवढे अजून कुणी उचलून नेले नाहीत."

मग हळूहळू कळलं ते असं. त्यांच्या तबेल्यात एके काळी तीसेक घोडे होते. मोठ्या ट्रेनरांकडे आता दोन-दोनशे असतात आणि मालक तिकडेच जातात. लहान तबेले एकेक करून बंद पडताहेत. त्यांच्याकडे उरली होती ही एकच घोडी, आणि ही शर्यत झाली की घोडी केंटकीच्या एका फार्मवर पैदाशीसाठी जाणार होती. मालकानं विकली होती. बाई परत जाऊन आपलं लायसन्स सोडणार होत्या.

"म्हणजे ही तुमची शेवटची शर्यत?"

"माझी आणि तिची. म्हणून सांगते, मातीवर ती पळणार नाही. तुम्ही शर्यत मातीवर नेलीत तर मी नाव काढून घेईन. ती मातीवर पळायला जन्मलेली नाही, आणि मी मातीवर संपायला इतक्या लांब आलेली नाही."

हे त्यांनी धमकीच्या सुरात नव्हे, सामानाचं वजन सांगावं तसं सांगितलं.

गुरुवारी रात्री पाऊस सुरू झाला. कुठल्याशा वादळाचं शेपूट होतं, शुक्रवारभर वळवळत राहिलं. आणि त्याच आठवड्यात फ्रँकचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. हॉस्पिटलमधून त्याचा फोन. "केल, निर्णय तुझा. घाबरलास तर मातीवर ने. नाही घाबरलास तरी मातीवर नेण्याचा विचार कर."

शनिवारी उजाडताना आकाश धुतल्यासारखं. मी ट्रॅकवर गेलो तर बाई आधीच वळणावर उभ्या. आम्ही पूर्ण फेरी मारली, त्यांची काठी आणि माझी सळई. आतल्या कठड्यालगतचा पट्टा गेला होता. तिथे हंगामभर घोडे पळून माती उघडी पडलेली, पाणी साचलेलं. पण त्याच्या बाहेर जमीन शाबूत होती. आमच्याकडे कठडा हलवता येतो. तो बाहेर सरकवला की घोडे आपोआप ताज्या पट्ट्यावरून पळतात.

"चालेल," मी म्हणालो.

"नुसतं चालेल? ती नाचेल याच्यावर," बाई म्हणाल्या. मग स्टँडसमोर काठी खुपसून त्या थांबल्या. तिथला पट्टा सगळ्यात मऊ होता. "फक्त इथे आणखी काही जाता कामा नये."

तिथूनच बग्ग्या जायच्या होत्या.

मी थेट डोलनच्या ऑफिसात गेलो. डोलन म्हणजे रेसिंग सेक्रेटरी, कुठली शर्यत कुठे होणार हे ठरवणारा माणूस. ब्रायन तिथेच होता. मी सांगितलं, शर्यत गवतावर घेऊ शकतो, कठडा सरकवतो, पण बग्ग्या गवतावर नकोत. त्यांच्या चाकांना लोखंडी धावा आहेत. त्या या जमिनीत चाकोऱ्या पाडतील आणि त्या चाकोरीत वेगानं येणाऱ्या घोड्याचा पाय गेला तर तो पाय परत मिळणार नाही.

"मग बग्ग्या कुठून नेऊ?" ब्रायन म्हणाला.

"मातीवरून."

"केल, मातीचा चिखल झालाय! फोटोत ग्रीन हवं. चिखलातून बग्गी म्हणजे बाजारात बटाटे चाललेत असं दिसेल. स्पॉन्सर आहेत, लोकल चॅनेल येतंय."

डोलननं पेन टेबलावर आपटत विचार केला. "सोपं आहे. शर्यत मातीवर नेऊ. बग्ग्या गवतावर जातील. काल इतका पाऊस झालाय, कुणी प्रश्नही विचारणार नाही."

हे खरं होतं. कुणीच विचारलं नसतं. पावसानंतर शर्यत हलवली यात कुणाला काय वावगं वाटणार? मी म्हणालो की इंग्लंडहून आलेली एकुलती घोडी नाव काढून घेईल. इंग्लिश डेला इंग्लिश काय उरेल?

"लॉर्ड आहे ना," ब्रायन म्हणाला.

"तो इथल्याच हॅकेन्सॅकचा आहे."

"ॲक्सेंट चांगला आहे त्याचा."

मी आणखी काही बोललो, थोडं वरच्या आवाजात, आणि आपण हरतोय हे मला बोलता बोलताच कळत होतं. पोकळ थाटाविरुद्ध बोलणाऱ्या माणसाची अडचण ही की थाट छान दिसतो आणि तो माणूस किरकिरा दिसतो.

तेवढ्यात दार उघडून हॉल्डनबाई आत आल्या. बाहेर किती वेळ उभ्या होत्या माहीत नाही. त्यांनी ब्रायनकडे पाहिलं. "तरुण माणसा, पहिल्या बग्गीत मी बसावं म्हणून तुम्ही मला तीन वेळा विचारलंत."

"चार," ब्रायन म्हणाला. "तुम्ही नाही म्हणालात. एकदा तर त्याहून वाईट काहीतरी म्हणालात."

"मी बसते."

ब्रायनचा चेहरा उजळला. खऱ्या इंग्लिश ट्रेनरला बग्गीत बसवा, असं चॅनेलवाल्यांनीच सांगितलं होतं. भाड्याचा लॉर्ड ही तडजोड होती.

"हातही हलवते. पण मातीवरून. आणि माझी घोडी गवतावर पळेल."

"मॅडम, चिखल उडेल. अंगावर, तोंडावर..."

"मी पन्नास वर्षं चिखलातच नोकरी केली आहे."

डोलननं पेन खाली ठेवलं. माझ्याकडे वळून म्हणाला, "कठडा किती बाहेर घेणार आहेस?"

दुपारी स्टँड बऱ्यापैकी भरलं होतं. मराठी मंडळानं ग्रुप डिस्काउंटमध्ये दोन टेबलं घेतली होती. नीलिमानं पैठणीवर हॅट घातली होती. तिचं म्हणणं, दोन्ही मिरवायच्याच वस्तू आहेत, भांडतील कशाला. आमची सई तेव्हा चौदा वर्षांची. तिनं काकडीचं सँडविच उघडून आत पाहिलं आणि जाहीर केलं, "बाबा, धिस इज सो फेक." पहारेकऱ्याच्या केसाळ टोपीखालून घाम गळत होता. मी गवतावर, कठड्यापाशी उभा होतो.

तुतारी झाली. बग्ग्या निघाल्या. पहिलीत हॉल्डनबाई, तोच मेणकापडाचा कोट, तीच लोकरी टोपी, शेजारी फुलांचा गुच्छ. ज्या बाईला मी त्या काही दिवसांत कुठल्याही समारंभाच्या आसपास फिरकताना पाहिलं नव्हतं, ती ताठ बसून मनगट फिरवत हात हलवत होती, हुबेहूब राजघराण्यासारखा. घोड्यांनी वेग घेतला आणि चिखल उडू लागला. आधी कोटावर, मग फुलांवर, मग एक मोठा गोळा गालावर. त्यांनी तो पुसला नाही. हात हलत राहिला. मागच्या बग्गीतल्या लॉर्डच्या उंच काळ्या टोपीवर एक ढेकूळ येऊन बसलं. त्यानं अस्सल न्यू जर्सीच्या उच्चारात जे उद्गार काढले ते पहिल्या रांगेपर्यंत ऐकू गेले.

स्टँडमध्ये आधी हसू फुटलं. मग लोक उठून उभे राहिले. शर्यतीच्या याद्यांत डोकं खुपसून बसलेले आमचे नेहमीचे जुगारी, जे राष्ट्रगीतालाही नाइलाजानं उठतात, तेसुद्धा उभे राहून टाळ्या वाजवत होते. सई रेलिंगवर चढून ओरडत होती, "गो, ग्रँडमा!" ब्रायनला आयुष्यातला उत्तम फोटो मिळाला. त्यात हिरवं काहीही नव्हतं.

मी आजवर थाटाची टिंगल केली, अजूनही करतो. पण तो थाट मी पाहिला आहे आणि त्याच्यापुढे मी टोपी काढली. टोपी रेसकोर्सची होती, पिवळी, बेसबॉलची.

शर्यतीला नऊ घोडे. पोस्टमिस्ट्रेस बाहेरून धावली, सुरुवातीला मागे, दुसऱ्या वळणावर हळूहळू वर आली. सरळ पट्ट्यात ती तिसरी होती आणि मला क्षणभर वाटलं, आता काहीतरी होणार. पण पुढचे दोन अमेरिकन घोडे तरुण होते, आणि शेवटी शेजारच्यानंही तिला गाठलं. चौथी आली. बाई माझ्या बाजूला कठड्यावर हात टेकून उभ्या होत्या, गालावरचा चिखल वाळून पांढरा झालेला. त्यांनी निकालाच्या फलकाकडे पाहिलंच नाही.

"कान पाहिलेत?" त्या म्हणाल्या. "शेवटपर्यंत पुढे होते. तिला मजा येत होती."

नऊच्या नऊ घोडे आपापल्या चारही पायांवर परत आले. कुणीही, एकाही जॉकीनं किंवा ट्रेनरनं, गवताबद्दल एक शब्द काढला नाही. आमच्या धंद्यात याहून मोठं पारितोषिक नाही. संध्याकाळी फ्रँकचा फोन आला. "मी टीव्हीवर पाहिलं. ती म्हातारी कोण?" गवताबद्दल तोही बोलला नाही.

पुढे मला काही वेळा वाटलं, इंग्लंडला जाऊन यावं. नीलिमानं तिकिटंही पाहिली होती. मी टाळलं. मोडकळीला आलेलं काही बघायला लागेल ही भीती होती, आणि दुसरी भीती अशी की ते सगळं अजून तितकंच सुंदर असेल आणि मग इतकी वर्षं कंपासनं काढलेल्या वर्तुळाभोवती फिरण्यात घालवल्याचा पश्चात्ताप होईल. आता निवृत्त झाल्यावर वेळ आहे, पण गुडघे फ्रँकच्या वळणावर गेलेत.

पण रविवारची सकाळ सांगायची राहिली. त्या दिवशी शर्यती नव्हत्या. माझी माणसं सीड आणि वाळू घेऊन टापांनी उखडलेली भोकं भरत होती. केंटकीला जाणारी घोड्यांची व्हॅन थोड्या वेळात येणार होती. हॉल्डनबाई घोडीला दोरीनं धरून तबेल्याकडून आल्या आणि गवतावर जायच्या फाटकाशी थांबल्या. तिथे बाहेरच्या बाजूनं कुलूप असतं. शर्यत आणि ठरलेला सराव सोडला तर गवतावर कुणी घोडा नेत नाही. चरायला तर नाहीच नाही.

"मिस्टर केळकर, मला एक गोष्ट मागायची आहे. ती तुमच्या गवतासाठी चांगली नाही."

मी किल्ली काढली. त्या महिन्यात आम्ही काही फवारलं नव्हतं, हे मनात तपासून घेतलं. तेवढी सवय सुटत नाही.

घोडी आत आली, थबकली, नाक खाली नेऊन हुंगलं. मग दातांनी गवत पकडून मान झटकली. तो आवाज मी त्या ट्रॅकवर कधी ऐकला नव्हता. कापड फाडल्यासारखा, पण मऊ. त्या गवतात तीन जाती मिसळल्या होत्या. एक मुळांसाठी, एक लवकर भरून येते म्हणून, एक रंगासाठी. कॅटलॉगं चाळली, माती तपासली, रात्री झोपेत फेस्क्यू गवताच्या जातींची नावं घेतली असं नीलिमा सांगते. इतक्या वर्षांत शेकडो घोडे त्याच्यावरून पळाले. ते चवीला कसं आहे हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, मीसुद्धा नाही.

"आवडलेलं दिसतंय," बाई म्हणाल्या.

त्यांनी दोरी सैल सोडली होती. घोडी एकेक घास तोडत पुढे सरकत होती आणि त्या तिच्या मागे, घोडी थांबली की थांबत, निघाली की निघत. काठी त्यांनी कठड्याला टेकवून ठेवली होती. त्यांचा एक हात घोडीच्या मानेवर होता. मी पाठ फिरवली आणि भोकं भरणाऱ्यांना उगाचच लांबच्या वळणाकडे पाठवलं.

थोड्या वेळानं फाटकापलीकडे व्हॅन येऊन उभी राहिली. ड्रायव्हर खाली उतरला, कठड्यापाशी आला. त्याच्या हातात कॉफी होती.

"पोस्टमिस्ट्रेस? केंटकी?"

"हो."

"रेडी आहे?"

"नाही," मी म्हणालो. "तिचा नाश्ता चाललाय."

त्यानं घोडीकडे पाहिलं, तिच्यामागून चालणाऱ्या बाईकडे पाहिलं. मग परत गेला आणि त्यानं इंजिन बंद केलं.